लेकरू ही मालमत्ता नाही! मनूच्या शेतापासून नंदुरबारच्या पंचांपर्यंत

सातपुड्याच्या पायथ्याला एखादं घर मोडतं तेव्हा पंच बसतात. देज किती दिलं होतं, त्यातलं किती परत करायचं, चांदीचे दागिने कुणाचे, भांडी कुणाची, शेळ्या कुणाच्या, असा हिशेब सुरू होतो. याच हिशेबात कधीतरी लेकराचा विषय निघतो. अंगावर पिणारं असेल तर तूर्त आईजवळ राहू द्या, कळतं झालं की बापाकडे आणा. कूळ बापाचं, म्हणून लेकरू बापाचं. बऱ्याच ठिकाणी निवाडा इथेच संपतो. आईने पुन्हा लेकराला कधी भेटायचं, कुठे भेटायचं, ते आजारी पडलं तर तिला कुणी कळवायचं, हे कुणी विचारत नाही. आणि लेकराला काय वाटतं, हे तर कुणीच विचारत नाही.

शहरातल्या सुशिक्षित लोकांनी यावर नाक मुरडायचं कारण नाही. तिथे पंचांच्या जागी वकील असतात आणि देजाच्या जागी फ्लॅटचा हप्ता असतो. प्रश्न मात्र तोच असतो, "मूल कुणाचं?" आमचं म्हणणं असं आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे. जमीन कुणाची, बैल कुणाचा, असं विचारता येतं. मूल कुणाचं, असं विचारलं की मूल माणूस राहत नाही, माल होतं. हा प्रश्न आपल्या डोक्यात कुणी घातला, तो कायद्यात कसा शिरला आणि आपल्या वस्ती-पाड्यावर तो आजही कसा जिवंत आहे, हे इतिहासात जाऊन तपासलं पाहिजे.

बीज आणि शेत

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात एक लांबलचक चर्चा आहे. स्त्री म्हणजे शेत आणि पुरुष म्हणजे बीज. मग पीक कुणाचं? बी टाकणाऱ्याचं की शेताच्या मालकाचं? त्यासाठी गायीचा, घोडीचा, दासीचा दाखला दिला जातो. दुसऱ्याच्या गायीला झालेलं वासरू वळूच्या मालकाचं होत नाही, ते गायीच्या मालकाचं होतं, असा तो युक्तिवाद आहे.

मित्रांनो, ही चर्चा नीट वाचा. वाद दोन पुरुषांमध्ये आहे, बीजवाला आणि शेतवाला. शेत स्वतः या वादात पक्षकारच नाही! जिने नऊ महिने पोटात वाढवलं, तिचा हक्क मानायचा की नाही हा प्रश्नसुद्धा या ग्रंथाला पडत नाही. आणि पीक तर मुळातच बोलत नसतं. म्हणजे आई आणि मूल, दोघांनाही मुकं ठरवून दोन मालकांनी वाटणीचं भांडण करायचं, ही ती व्यवस्था.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. ते दहन अस्पृश्यतेविरुद्ध होतं, एवढंच आपण सांगतो. पण त्या ग्रंथातला स्त्रीला शेत आणि लेकराला पीक मानणारा विचारही त्याच आगीत टाकलेला होता. कागद जळला, विचार मात्र कायद्याच्या पुस्तकांतून आणि आपल्या घरांतून पुरता गेलेला नाही.

आपल्याकडे काडीमोड होती

आम्हाला नेहमी ऐकवलं जातं की विवाह हा जन्मोजन्मीचा संस्कार आहे, घटस्फोट हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे. हे कुणाच्या जन्माबद्दल चाललंय? शूद्र-अतिशूद्र जातींत काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती, पाट होता. पेशवाई बुडाल्यानंतर इंग्रजांनी दख्खनमधल्या जातिजातींच्या चालीरीती गोळा केल्या. आर्थर स्टील यांचं ते पुस्तक १८२७ मध्ये छापलं गेलं. त्यात या चालींच्या नोंदी आहेत. कष्टकरी जातींतल्या बाईला नको असलेल्या नवऱ्यापासून सुटण्याची वाट होती. ती वाट सोपी नव्हती, त्यात पंचांचा दंड होता, पैशाची देवघेव होती. पण वाट होती.

ती वाट बुजवण्याचं काम इंग्रजी न्यायालयांनी ब्राह्मणी शास्त्राचा आधार घेऊन केलं. १८७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की विवाह रद्द ठरवण्याचा किंवा स्त्रीला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. वरच्या मूठभर जातींचं शास्त्र असं सगळ्यांचा कायदा बनत गेलं.

याच काळात पुण्यात जोतीराव-सावित्रीबाई वेगळा इतिहास घडवत होते. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवा तिथे बाळंत होत. बाप कोण, जात कोणती, हे न विचारता आई आणि मूल दोघांना आसरा मिळे. १८७४ मध्ये जन्मलेल्या अशाच एका विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतलं. यशवंत डॉक्टर झाला. फुले दांपत्याने "हे बीज कुणाचं" असं विचारलं नाही. या लेकराला जगायला काय लागतं, एवढंच विचारलं. आज न्यायालयं ज्याला "बालकाचं हित" म्हणतात, ते याहून वेगळं काय आहे?

साहेबाचा कायदा, बापाचा कायदा

इंग्रजांनी आपल्याला आधुनिक कायदा दिला, असं आपल्यातलेही काही जण सांगतात. तो दिलाच, पण त्यात काय होतं ते पाहू. खुद्द इंग्लंडमध्ये मुलावर पूर्ण सत्ता बापाची होती. कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेची तीन मुलं नवऱ्याने हिरावून घेतली, तेव्हा तिला न्यायालयात उभं राहायला आधारच नव्हता. तिने लेख लिहून, पत्रकं छापून रान उठवलं. त्यातून १८३९ चा कायदा झाला आणि सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा किंवा भेट मागण्याची मुभा इंग्रज आईला पहिल्यांदा मिळाली. म्हणजे आईने आपल्याच लेकराला भेटायचं तर अर्ज करायचा, हा हक्कदेखील लढूनच मिळवावा लागला.

भारतात १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आला. तो आजही लागू आहे. त्यात बालकाचं हित पाहावं असं कलम १७ मध्ये होतं. पण कलम १९ मध्ये अशी पाचर होती की बाप जिवंत असेल आणि नालायक ठरलेला नसेल, तर न्यायालयाने दुसरा पालक नेमूच नये. या कलमात बापाच्या बरोबरीने "किंवा आई" हे शब्द यायला २०१० साल उजाडलं. तब्बल १२० वर्षं!

तरी न्यायालयात एक वेगळा सूर उमटत होता. १९४१ साली नोंदल्या गेलेल्या एका निकालात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रश्न बापाच्या हिताचा नाही, आईच्या हिताचाही नाही, फक्त अज्ञान बालकाच्या हिताचा आहे. पुढे १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की मुलं ही आईबापांची चीजवस्तू नाहीत किंवा खेळणीही नाहीत. मनूच्या शेताला दिलेलं हे उत्तर होतं.

हिंदू कोड बिल आणि अर्धवट राहिलेलं काम

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले. आज आपण ज्याला नंदुरबार जिल्हा म्हणतो तो भाग तेव्हा पश्चिम खानदेशात, धुळ्याच्याच कारभारात होता. दरवर्षी ३१ जुलैला आपली माणसं त्या बंगल्यावर जातात, अभिवादन करतात, फोटो काढतात. पण बाबासाहेब तिथे वकील म्हणून आले होते, ही गोष्टही लक्षात ठेवली पाहिजे. कायदा हे हत्यार आहे, हे त्यांनी शिकवलं. ते हत्यार आपण आपल्या बायाबापड्यांसाठी किती वापरतो?

कायदेमंत्री म्हणून हिंदू कोड बिल मांडताना बाबासाहेबांनी घटस्फोटाच्या विरोधकांना हाच इतिहास ऐकवला. नव्वद टक्के समाज असलेल्या शूद्रांत काडीमोड आहेच, मग दहा टक्क्यांचा कायदा नव्वद टक्क्यांवर का लादायचा, असा त्यांचा सवाल होता. मुंबई प्रांताने त्याआधी १९४७ मध्ये हिंदू घटस्फोट कायदा केलेला होता, कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्याही आधी काडीमोडीचा कायदा केला होता. तरी संसदेत सनातनी अडून बसले. विवाह, घटस्फोट, दत्तक, पालकत्व, वारसा या सगळ्यांना हात घालणारं ते विधेयक रखडवलं गेलं आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

नंतर त्याच विधेयकाचे तुकडे करून १९५५-५६ मध्ये चार कायदे झाले. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांबद्दल आदेश देताना शक्य तिथे मुलांची इच्छा पाहावी असं आलं. कलम २९ ने रूढीने चालत आलेली काडीमोडही शाबूत ठेवली. २५ ऑगस्ट १९५६ ला, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या बरोबर ५० दिवस आधी, अज्ञानत्व व पालकत्व कायदा आला. त्यात नैसर्गिक पालक म्हणून लिहिलं, बाप, आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईजवळ असावं, ही सवलत दिली. विवाहबाह्य मुलाच्या बाबतीत मात्र क्रम उलटा, आधी आई आणि मग बाप. याचा अर्थ काय? ज्या लेकराला कूळ आणि वारसा द्यायचा नाही, ते खुशाल आईचं!

१९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमातल्या "नंतर" या शब्दाचा अर्थ बापाच्या "गैरहजेरीत" असा लावला आणि बाप जिवंत असतानाही आई पालक होऊ शकते असं सांगितलं. विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात पालकत्व आणि ताब्याचे कायदे बदला, संयुक्त ताब्याची सोय करा, असं सुचवलं. कायद्याच्या पुस्तकातला शब्द तरीही "बाप आणि त्याच्यानंतर आई" असाच आहे. आणि हा कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे आपल्या तरुणांनी विसरू नये.

नंदुरबारच्या वेशीवर कायदा थांबतो

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची. विवाह, वारसा आणि पालकत्वाच्या हिंदू कायद्यांतच लिहिलेलं आहे की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय ते अनुसूचित जमातींना लागू नाहीत. म्हणजे या जिल्ह्यातल्या बहुसंख्य कुटुंबांना रूढी लागू. आदिवासींना हिंदू म्हणून मोजू नये ही भूमिका आम्हालाही मान्य आहे. पण त्याचा परिणाम असा झाला आहे की धडगाव-अक्कलकुव्याच्या बाईला वाटतं, आपल्यासाठी कायदाच नाही, पंच म्हणतील तेच खरं. तालुक्याच्या गावातले काही अर्धवट माहितीचे लोकही तिला हेच सांगतात.

हे साफ खोटं आहे. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा धर्म-जमात बघत नाही. आदिवासी आई त्याखाली जिल्हा न्यायालयात जाऊ शकते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सगळ्या बायकांना आहे. त्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात, बापाच्या भेटीची व्यवस्था ठरवू शकतात आणि भेट मुलाला घातक असेल तर ती नाकारू शकतात. मुलाचा खर्च मागण्याची फौजदारी तरतूदही सर्वांना लागू आहे. आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि बालकं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांनी पाड्यावर जाऊन सांगितलं?

आता जगण्याकडे पाहा. दिवाळी झाली की ट्रक भरतात आणि माणसं बारडोली-सुरतकडे ऊसतोडीला जातात. समजा नवरा-बायको वेगळे झाले. ती माहेरच्या टोळीबरोबर एका फडावर, तो दुसऱ्या फडावर, लेकरू आश्रमशाळेत किंवा आजीजवळ. १८९० च्या कायद्याचं कलम ९ म्हणतं, मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करा. मग आईने फडावरची मजुरी बुडवून, मुकादमाची उचल अंगावर घेऊन तारखेला यायचं. "दर रविवारी ११ ते १ न्यायालयात भेट" असा शहरी आदेश तिच्या काय कामाचा? तिला भेट हवी ती आश्रमशाळेच्या दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, होळीला, आणि मधल्या महिन्यांत फोनवर. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका प्रकरणात सांगितलं आहे की मुलाला दोन्ही पालकांच्या प्रेमाचा हक्क आहे आणि प्रत्यक्ष भेट होत नसेल तर फोन, व्हिडिओ कॉलने संपर्क राहिला पाहिजे. परदेशात गेलेल्या जोडप्याच्या खटल्यातलं हे तत्त्व उसाच्या फडावरच्या आईलाही लागू होतं. ते मागणारा कुणीतरी हवा.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच आदिवासी मित्रांचा. रूढी ही आमची ओळख आहे, तुम्ही बाहेरून येऊन ती मोडू नका. आमचं उत्तर असं की रूढी कुणाची आणि कुणी ठरवलेली? १९७२ नंतर शहाद्यात श्रमिक संघटनेच्या लढ्यात भिल्ल बाया रस्त्यावर आल्या. त्यांनी दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. त्या बाया बाहेरच्या नव्हत्या. पेसा कायदा ग्रामसभेला रूढी-परंपरा आणि वाद मिटवण्याची पारंपरिक पद्धत जपण्याचा अधिकार देतो. ग्रामसभा म्हणजे पाच-सात पुरुष पंच नव्हेत, त्यात प्रत्येक मतदार बाई आहे. आणि संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये "कायदा" या शब्दात रूढीही धरलेली आहे. समतेला छेद देणारी रूढी संविधानापुढे टिकत नाही.

दुसरा आक्षेप पुरुषांचा. बायका मुलांना भेटूच देत नाहीत, खोट्या केसेस करतात. काही ठिकाणी बापाला मुद्दाम तोडलं जातं, हे आम्ही नाकारत नाही. तेही चूकच. पोटगी थकली म्हणून भेट बंद आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी बंद, हा सौदा लेकराच्या जिवावर चालतो. गोव्यातून गेलेल्या एका खटल्यात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहानग्याचा ताबा आईकडे दिला, पण बापाच्या भेटीचा मार्ग बंद केला नाही. भेट हे आईने बापाला किंवा बापाने आईला दिलेलं बक्षीस नव्हे. तो मुलाचा हक्क आहे. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेतही तो तसाच लिहिलेला आहे. दारू पिऊन मारहाण करणाऱ्या बापाची भेट मात्र नाकारलीच पाहिजे, कारण तिथे मुलाचा हक्क सुरक्षित राहण्याचा आहे.

तिसरा आक्षेप समान नागरी कायद्यावाल्यांचा. एक कायदा करा, सगळं सुटेल. उत्तराखंडने २०२४ मध्ये तसा कायदा केला आणि अनुसूचित जमातींना बाहेर ठेवलं. म्हणजे आदिवासी आईचा प्रश्न पुन्हा जिथल्या तिथे! घोषणेने लेकरू भेटत नाही.

मग करायचं काय?

पहिलं, "मूल कुणाचं" हा प्रश्न बैठकीत आला की कार्यकर्त्याने उठून तो बदलायचा. लेकरू कुठे झोपेल, कुठल्या शाळेत जाईल, आजारी पडलं तर कोण नेईल आणि दुसऱ्या पालकाला कधी भेटेल, असं विचारायचं. सातवी-आठवीतलं मूल असेल तर त्याला बाजूला घेऊन, दोन्हीकडच्या माणसांचा दबाव न ठेवता विचारायचं.

दुसरं, देजाचा हिशेब आणि लेकराचा विषय एका बैठकीत घेऊ द्यायचा नाही. देज परत केल्याशिवाय लेकरू दाखवणार नाही, असं कुणी म्हणालं तर ती ओलीस ठेवण्याची भाषा आहे, हे तोंडावर सांगायचं.

तिसरं, जे ठरेल ते कागदावर आणायचं. सणाचे दिवस, सुट्ट्यांची वाटणी, फोनचा वार, आणायला-सोडायला कोण जाणार, भाड्याचे पैसे कोण देणार, ऊसतोडीच्या महिन्यांत काय, भेटीच्या दिवशी दारू पिऊन आल्यास काय. दोघांच्या सह्या-अंगठे, प्रत दोघांकडे. हा कागद न्यायालयाचा हुकूम नव्हे, पण पुढे न्यायालयात जावं लागलं तर तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो. वाद पेटलेला असेल किंवा मारहाण असेल तर पंचांत वेळ न घालवता थेट तालुका विधी सेवा समितीकडे जायचं.

चौथं, एखाद्या बाईने न्यायालयात धाव घेतली म्हणून तिच्या घराला वाळीत टाकलं, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तो वापरायचा.

येत्या ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर जाणाऱ्या प्रत्येक गटाने एवढं करावं. परतताना आपल्या तालुक्यातल्या विधी सेवा समितीचा पत्ता आणि वेळ विचारून घ्यावी आणि ती माहिती एका तरी पाड्यावरच्या बायांपर्यंत त्यांच्या बोलीत पोहोचवावी. मनूने आईला शेत केलं आणि लेकराला पीक. बाबासाहेबांनी दोघांना नागरिक केलं. ते नागरिकत्व पाड्यापर्यंत नेण्याचं काम आपल्याकडे आहे.

जय भीम! जय जोहार!